दोन पायांची गोष्ट

“ताई, हिरवा दिवा सात वेळा लुकलुकतो. मग थांबतो. मग परत सात.”

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी पुण्यात, गादीवर लॅपटॉप घेऊन. फोनच्या पलीकडे नंदुरबार तालुक्यातलं रनाळे, आमच्या घराची ओसरी आणि हातात टॉर्च घेऊन उभा असलेला शेजारच्या काकूंचा बारावीतला मुलगा. मी त्याला हिरो म्हणते. त्या रात्री तो खरोखरच हिरो होता, कारण झोप सोडून तो दिव्याची उघडझाप मोजत होता.

“नक्की सात? चार नाही ना?”

“सातच. तीनदा मोजले.”

चार असते तर वेगळं दुखणं. सात म्हणजे बोर्डाला त्याची ऑपरेटिंग सिस्टिमच सापडत नाही. डॉक्टर नाडी बघतात तसं हे. त्या एवढ्याशा बोर्डाला तोंड नाही, स्क्रीन नाही. बिचारा दिवा लुकलुकवून सांगतो, की बॉस, माझं डोकं जागेवर नाही.

आणि ते डोकं जागेवरून हलवलं होतं मीच! पण त्याआधी थोडा फ्लॅशबॅक.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. लोक रिटायर झाल्यावर छंद शोधतात, नानांचा छंद नोकरीतही चालू होता. पाऊस मोजणं. जून १९८९ पासून. अंगणातल्या ओट्यावर पर्जन्यमापक, रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजनळीत ओतायचं, मिलिमीटरचा आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. साडेआठच का? तर हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला सुरू होतो आणि साडेआठलाच संपतो. नानांच्या घरातही दिवस तेव्हाच बदलतो, कॅलेंडर काहीही म्हणो.

जुन्या रजिस्टरांच्या कव्हरवर ‘जि. धुळे’ असं लिहिलंय. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्या वर्षीच्या रजिस्टरवर ‘धुळे’ वर एक आडवी रेघ आणि बाजूला सुबक अक्षरात ‘नंदुरबार’. जिल्हा बदलला, पण मोजणी एक दिवसही चुकली नाही. नाना इलेक्शन ड्युटीवर असोत की जनगणनेच्या कामावर, त्या दिवशीचा आकडा आईच्या अक्षरात असायचा. पस्तीस वर्षांत एकही रकाना रिकामा नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? मीही तेच म्हणायचे. पण जूनमध्ये आमच्या ओसरीवर येऊन बसा. आमच्याकडे पाऊस बेताचाच. कापूस लावायचा की थांबायचं, हा लाखमोलाचा प्रश्न असतो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. मग येणारा-जाणारा विचारतो, “गुरुजी, किती झाला?” नाना रजिस्टर उघडून बेरीज सांगतात. घाईत पेरलं आणि पाऊस गेला, तर दुबार पेरणी. म्हणजे बियाणं पुन्हा, कर्ज पुन्हा. ओसरीवरच्या त्या बेरजेवर कुणाचं तरी वर्ष अवलंबून असतं.

२०२४ च्या मे महिन्यात डॉक्टरांनी नानांना स्पष्ट सांगितलं. उजवा गुडघा बदलायचा, आता टाळाटाळ नको. तारीख मिळाली जूनच्या शेवटी, नाशिकला. पुढचे काही आठवडे तिथेच, दादाच्या घरी.

“आणि पाऊस कोण मोजेल?” नानांचा पहिला प्रश्न. गुडघ्याबद्दल एक शब्द नाही.

आई आता नाही. हिरोला सांगावं तर तो सकाळी सातलाच दोंडाईच्याला कॉलेजला निघतो. काकूंना चष्म्याशिवाय मोजनळीवरच्या रेघा दिसत नाहीत. फोनवर शांतता पसरली आणि मी, मास कॉमची पदवी घेतलेली, आयुष्यात एकही प्रोग्राम न लिहिलेली मुलगी, मोठ्या तोऱ्यात बोलून गेले, “टेन्शन नका घेऊ नाना. मी मशीन बसवते.”

माझ्या या कॉन्फिडन्सचं कारण म्हणजे माझी रूममेट. ती हिंजवडीत गाड्यांच्या आतल्या कंट्रोलर बोर्डांवर काम करते. तिच्या ड्रॉवरमध्ये जुना रास्पबेरी पाय पडून होता. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नाना जाम हसले. “माझा पाय चालत नाही म्हणून तू दुसरा पाय आणलास?” तेव्हापासून घरात दोन पाय झाले. नानांचा पाय आणि माझा पाय.

तर हा माझा पाय म्हणजे काय? जेमतेम एटीएम कार्डाएवढा बोर्ड. २०१२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये निघाला, पोरांना स्वस्तात कॉम्प्युटर शिकता यावा म्हणून. किंमत होती ३५ डॉलर. रूमीकडचा त्याचा धाकटा भाऊ, २०१६ चा तिसरा अवतार. त्यात हार्ड डिस्क नसते. नखाएवढ्या मेमरी कार्डावर लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम भरायची, कार्ड खोचायचं, वीज द्यायची, की झाला कॉम्प्युटर. तुमच्या घरातला वाय-फायचा राउटर, डोक्यावरचा सेट-टॉप बॉक्स, कोपऱ्यावरचं एटीएम, या सगळ्यांच्या पोटात अशीच एखादी ऑपरेटिंग सिस्टिम गुपचूप राबत असते. ती आपल्याला दिसत नाही. ती बंद पडली की मगच दिसते.

“खरं तर एवढ्या कामाला याच्याहून कितीतरी छोटी चिप पुरेल,” रूमी म्हणाली. “पण हा फुकट आहे आणि तू नवशिकी. चालेल.”

पाऊस मोजायला आम्ही एक सी-सॉ असलेलं भांडं मागवलं. वरच्या नरसाळ्यातून पाणी एका छोट्या पळीत पडतं, पळी भरली की कलंडते आणि दुसरी पुढे येते. प्रत्येक कलंडीला एक चुंबक स्विचवरून जातो आणि बोर्डाला एक टिचकी मिळते. एक टिचकी म्हणजे ०.२७९४ मिलिमीटर पाऊस. बोर्डाने फक्त टिचक्या मोजायच्या आणि वेळ लिहायची. एकदम सोपं!

सोपं? ऐका.

पहिल्या दिवशी मी बाल्कनीत मगाने हळूहळू पाणी ओतलं. भांडं दहा वेळा कलंडलं आणि बोर्डाने मोजले सत्तेचाळीस. चेरापुंजीच! कारण स्विच मिटताना क्षणभर थरथरतो, आणि आपल्याला एक वाटणारी टिचकी बोर्डाला चार-पाच वाटतात. रूमीने एका ओळीत उपाय सांगितला. एक टिचकी आली की पुढचा काही काळ कान बंद ठेव.

दुसऱ्या दिवशी घड्याळ साडेचार तास मागे. हे कोडं मी स्वतः सोडवलं, त्यामुळे कॉलर ताठ. ही सिस्टिम इंग्लंडची लेक. तुम्ही सांगितलं नाहीत तर ती स्वतःला लंडनमध्येच समजते, आणि उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. कार्ड भरताना मी वेळेचा रकाना तसाच सोडला होता. तिथे कोलकाता निवडलं आणि बोर्ड भारतात आला.

आठवडाभर तो टेबलावर मस्त चालला. मी मुद्दाम प्लग काढायचे, परत लावायचे. दर वेळी उठून बरोबर वेळ दाखवायचा. रूमी आणि मी एफसी रोडला जाऊन सेलिब्रेट केलं. लाँच पार्टीच म्हणा ना!

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी रात्रीच्या बसने दोंडाईच्याला उतरले आणि तिथून घरी. बॅगेत कपडे कमी, वायरी जास्त.

घरी नानांच्या टीव्हीला बोर्ड जोडला. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायला लागली. “तुझ्या मशीनला आत्ताच पाऊस दिसतोय की काय?” नाना म्हणाले. पाऊस कसला, ती तक्रार होती. पाच व्होल्ट लागतात, आणि ४.६३ च्या खाली गेलं की ते विजेचं चिन्ह येतं, बोर्डावरचा लाल दिवा विझतो. माझा चार्जर पुण्यात विसरला होता. मी नानांच्या मोबाइलचा चार्जर आणि एक लांबलचक, बारीक केबल लावली होती. बारीक पाइपने लांबच्या शेताला पाणी नेलं तर शेवटी धार उरेल का? तसंच. जाड, आखूड केबल आणि दणकट चार्जर लावला तेव्हा वीज गायब.

मग वाय-फाय. पासवर्ड बरोबर, तरी जोडणी होईना. अर्धा दिवस गेला. पासवर्डमध्ये ‘अ‍ॅट’चं चिन्ह होतं, ईमेलच्या पत्त्यात असतं ते. बोर्डाच्या लेखी मात्र कीबोर्डही इंग्लंडचा. तिथल्या कीबोर्डवर दोनच्या डोक्यावर अवतरणचिन्ह असतं. मी दाबत होते एक, तो लिहीत होता दुसरं. आणि पासवर्ड असल्यामुळे स्क्रीनवर दिसत होते फक्त ठिपके! कीबोर्डची सेटिंग बदलली आणि दोन सेकंदात नेट चालू.

ओट्यावर नवं भांडं बसवायची वेळ आली. ओटा एकच, त्यावर उघडं आभाळ लाभलेली जागा एकच. मी नानांचा जुना पर्जन्यमापक काढायला लागले.

“दोन्ही राहू दे. शेजारी छोटा ओटा घालू आपण,” नाना म्हणाले.

“कशाला नाना? हे ऑटोमॅटिक आहे.”

ते काही बोलले नाहीत. जुना पर्जन्यमापक त्यांनी स्वतः पुसला आणि कोठीत नेऊन ठेवला. लंगडत. मला तेव्हा नुसता उत्साह होता. आता तो लंगडा चालणारा पाठमोरा माणूस डोळ्यांसमोरून जात नाही.

पहिला आठवडा झकास गेला. बोर्ड दर तासाला आकडे ईमेल करायचा. मी रोज सकाळी पावणेनऊला नानांना फोन करून सांगायचे. ऑपरेशन छान झालं. हॉस्पिटलच्या पलंगावर ते वहीच्या एका पानावर आकडे टिपायचे, नंतर रजिस्टरमध्ये उतरवायला.

मग आली ती सात लुकलुकीची रात्र. मला पुण्यात बसून बोर्डावर लॉगिन करता यायचं. बसल्या बसल्या सुचलं, सगळं अपडेट करून टाकावं. आपण मोबाइलवर करतोच की! रात्री अकराला अपडेट सुरू केलं. सिस्टिमचा गाभाच बदलला जात होता, तेवढ्यात स्क्रीन थिजली. रनाळ्यात लाइट गेली होती. जुना गाभा पुसलेला, नवा पूर्ण लिहिलेला नाही. वीस मिनिटांनी लाइट आली, बोर्ड उठला आणि डोकं शोधत बसला. सात, थांबा, सात.

दुसऱ्या दिवशी हिरोने कार्ड काढून दोंडाईच्याला नेलं. कॉलेज सुटल्यावर एका मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात बसला. मी माझ्याकडे जपून ठेवलेली कार्डाची नक्कल पाठवली, दुकानदाराला फोनवर एकेक स्टेप सांगितली. संध्याकाळी सातला बोर्ड पुन्हा जिवंत. वीस तास गेले होते. ईमेलमध्ये त्या सकाळचा आकडा आला, ०.०. हुश्श! पाऊस नव्हता तर. मी नानांना शून्य सांगितलं. अपडेटचं काही बोलले नाही.

आता खरी गंमत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी अकरानंतर फोन केला, कारण ईमेलच उशिरा आले होते. “नाना, आज अडतीस मिलिमीटर! साडेआठच्या आत.”

“शक्य नाही.”

“अहो, मशीनने मोजलंय. १३६ टिचक्या.”

“बेटा, तो पोरगा सातला कॉलेजला निघताना मला रोज फोन करतो. आज म्हणाला, आभाळ भरलंय पण थेंब नाही. अडतीस मिलिमीटर पडला कधी मग?”

मी काकूंना फोन लावला. “नऊ वाजानंतर पानी वना ना, माय,” काकू म्हणाल्या. मी ओशाळून नानांना सांगितलं. पलंगावर पडलेले नाना चक्क अहिराणीत हसले, “हाई घड्याळ खोटं बोलस!”

टिचक्या खऱ्या, वेळ खोटी. पण कशी? आधीचे सगळे दिवस तर बरोबर होते. आणि नानांच्या रजिस्टरमध्ये साडेआठ ही भिंत. तिच्या अलीकडचा पाऊस आजच्या तारखेला, पलीकडचा उद्याच्या. म्हणजे माझ्या मशीनने अख्खा पाऊस चुकीच्या दिवसात ढकलला होता.

रूमीने मला बोर्डाचा लॉग वाचायला बसवलं. बोर्ड दर मिनिटाला एक ओळ लिहायचा, ‘मी जागा आहे’ अशा अर्थाची. ५:३८, ५:३९, ५:४०, ५:४१... पुढे सरळ ७:२९ पर्यंत. आणि पुढची ओळ थेट ११:००.

“लाइट कधी गेली होती?” रूमीने विचारलं.

काकूंच्या म्हणण्याप्रमाणे पहाटे पावणेसहाच्या सुमारास गेली, नऊनंतर आली.

“मग साडेतीन तास बोर्ड बंद होता. लॉगमध्ये तो खंड कुठाय?”

कुठेच नव्हता! बेशुद्ध पडलेला माणूस उठून अर्धं राहिलेलं वाक्य पुढे बोलायला लागावा, तसं. कारण असं, की या बोर्डावर घड्याळच नाही. म्हणजे बंद असताना चालणारं घड्याळ. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एक बटणासारखा सेल असतो, प्लग काढला तरी तो वेळ सांभाळतो. स्वस्त ठेवायचं म्हणून या बोर्डात तो दिलेलाच नाही. २०२३ मध्ये आलेल्या पाचव्या अवतारात ती सोय झाली, माझा होता तिसरा. तो काय करतो, चालू असताना अधूनमधून वेळ कार्डावर लिहून ठेवतो. उठला की तीच वेळ धरून पुढे मोजतो, आणि नेट मिळालं की जगाला विचारून घड्याळ लावतो.

मग पुण्यात माझ्या डोळ्यांसमोर कितीतरी वेळा प्लग काढला, तेव्हा काय झालं? नेट चालू होतं! काही सेकंदांत त्याला खरी वेळ मिळायची. रनाळ्यात लाइट गेली की टॉवरही मान टाकतो. त्या दिवशी लाइट नऊनंतर आली, नेट आलं अकराला. मधले दोन तास माझा पाय पहाटेतच वावरत होता, आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळला.

“आता हे इथे घडवून दाखव,” रूमी म्हणाली. “जो बिघाड टेबलावर घडवता येत नाही, तो दुरुस्त झाला असं म्हणता येत नाही.” तिने मला मंगळाची गोष्ट सांगितली. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. त्यात व्हीएक्सवर्क्स नावाची अशीच आतली ऑपरेटिंग सिस्टिम. थोड्याच दिवसांत यान आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. दोषी कोण निघावं? हवामान मोजणारं बिनमहत्त्वाचं काम! सगळ्यांच्या वापरातली एक किल्ली ते हातात धरून बसायचं, मधलंच एखादं काम त्याला ढकलून पुढे घुसायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम त्या किल्लीची वाट बघत ताटकळायचं. राखणदार घड्याळाला वाटायचं यान अडकलं, की मारा रीस्टार्ट. इंजिनिअरांनी पृथ्वीवर ठेवलेल्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून आणला, तेव्हा कारण सापडलं, आणि एक सेटिंग बदलून मंगळावर पाठवली.

मंगळाचं जुळं पृथ्वीवर ठेवता येतं, तर रनाळ्याचं पुण्यात का नाही? रूमीने ऑफिसमधून दुसरा पाय मागून आणला. मी त्याचा प्लग काढला, घरातला राउटरही बंद केला, जेवून आले, प्लग लावला. माझ्या मोबाइलवर दहा वाजून पाच मिनिटं. बोर्ड म्हणतो आठ बावन्न. सापडला चोर!

तपकीर गल्लीतून मी घड्याळाचं एक छोटं मॉड्यूल आणलं, डीएस ३२३१ नावाचं. त्याला सेल आहे, आणि वर्षभरात जेमतेम मिनिटभर इकडे-तिकडे होतं. चार वायरी जोडायच्या आणि सिस्टिमला एका फाइलमध्ये एक ओळ लिहून सांगायचं, की बाई गं, तुझ्याकडे आता घड्याळ आहे. मी लिहिली. ढिम्म! पुन्हा लिहिली. ढिम्म! दीड रात्र खपल्यावर कळलं, की ऑक्टोबर २०२३ पासूनच्या सिस्टिममध्ये ती फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली आहे. मी वाचत होते जुनी पुस्तकी रेसिपी. रिकाम्या घराच्या दारात पत्र टाकत बसले होते. नव्या पत्त्यावर ओळ लिहिली आणि बोर्डाने मॉड्यूल ओळखलं. मी आनंदाने रूमीला उठवलं. पहाटे तीनला.

शनिवारी पुन्हा बसने दोंडाईचा. काकूंकडून किल्ली घेतली. बंद घराचा वास. ओसरीवर बोर्ड ठेवला, घड्याळ जोडलं. राउटरला लावतात तसा छोटा यूपीएस लावला. कार्डावर सिस्टिमला काही लिहायलाच बंदी केली आणि आकड्यांसाठी वेगळा पेन ड्राइव्ह दिला, म्हणजे लाइट गेली तरी कार्ड शाबूत. अपडेट बंद. मग हिरोला मेन स्विच पाडायला सांगितला, यूपीएस काढला, राउटर बंद. तासाभराने चालू केलं. वेळ बरोबर!

उरलं होतं एकच काम. नानांच्या पानावरचे आकडे रजिस्टरमध्ये उतरवणं. मी टेबलापाशी बसून नानांना फोन लावला. मुद्दाम स्पीकरवर.

“ते अडतीस पुढच्या तारखेला लिही,” ते म्हणाले. “शेऱ्यात लिही, ‘यंत्राची वेळ चुकली, शेजाऱ्यांकडून खात्री केली.’ काकूंनी सांगितलंय, पुरावा आहे.”

लिहिलं. मग पेन थांबलं, त्या शून्यावर.

“नाना, एक सांगायचं राहिलंय. तो शून्य आहे ना, त्या सकाळी मशीन बंद होतं. माझ्या चुकीने. रात्रीपासून संध्याकाळपर्यंत.”

“मग शून्य आलं कुठून?”

“टिचकी नाही आली, म्हणून प्रोग्रामने शून्य धरलं.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली.

“बेटा, शून्य म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. तुम्ही तर मोजलंच नाही. मोजलं नाही म्हणजे शून्य नव्हे.”

“पण पस्तीस वर्षांत एकही रकाना रिकामा नाही तुमचा,” मी म्हटलं. माझा आवाज चिरकला असावा. “काकूंना विचारून काहीतरी अंदाजे लिहूया? त्या म्हणतात, रात्री थोडा शिडकावा होता.”

“१९९४ चं रजिस्टर काढ. ऑगस्ट.”

काढलं. पिवळी पडलेली पानं. एका तारखेपुढे आईचं गोल, तिरकं अक्षर. आकडा, आणि शेऱ्यात, ‘उशीर झाला. लेकराला ताप. साडेनऊला मोजला. मधला तास यात धरला गेला आहे.’

मी गणित केलं. १९९४ म्हणजे ते लेकरू दादा. तापाने फणफणलेलं मूल मांडीवर, नवरा ड्युटीवर, आणि ही बाई एक तास चुकल्याची कबुली लिहून ठेवते. कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. साडेआठचा म्हणून खपला असता.

“तिनं रजिस्टर खरं ठेवलं,” नाना म्हणाले. “भरलेलं ठेवलं असं मी कधी म्हटलं नाही. तूच म्हणत होतीस.”

मी त्या रकान्यात आडवी रेघ मारली. शेऱ्यात लिहिलं, ‘मोजणी झाली नाही. यंत्र बंद. चूक माझी.’ त्या रजिस्टरमधलं ते तिसरं अक्षर. नंतर पुण्यात येऊन प्रोग्राममध्येही बदल केला. बोर्ड जेवढा वेळ बंद असेल तेवढ्या वेळापुढे तो आता शून्य लिहीत नाही. रेघ मारतो. सगळ्या कॉन्फिगरेशनमध्ये मला सर्वात अवघड ही एक ओळ गेली, आणि रूमी म्हणते तीच एक ओळ प्रोफेशनल आहे.

ऑफिसात आपण किती शून्यं अशी लिहितो हो? रिपोर्ट आला नाही, म्हणजे प्रॉब्लेम नसेल. घरून फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक असेल. मी तरी वर्षानुवर्षं नानांच्या गुडघ्यापुढे शून्यच लिहीत आले होते. ते काही बोलले नव्हते ना!

नाना ऑगस्टमध्ये काठी टेकत घरी आले. पहिलं काम काय केलं असेल? हिरोला हाताशी धरून शेजारी छोटा ओटा घातला आणि कोठीतला जुना पर्जन्यमापक त्यावर बसवला. आता दोन्ही शेजारी शेजारी उभे असतात. आकडे कधी तंतोतंत जुळत नाहीत, थोडा फरक राहतोच. नाना दोन्ही लिहितात.

रोज सकाळी साडेआठला फोन वाजतो. मी बसमध्ये असते, नाहीतर चहा उतू जात असतो.

“तुझ्या पायाच्या घड्याळात किती वाजले?”

मी मोबाइलवर बघते. “आठ एकतीस.”

“माझ्याही. सांग आकडा.”